कॅनकूनहून एका दिवसात चिचेन इत्सा करावं का? युकातानमध्ये आणखी काय बघावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात ह्यूस्टनहून आई-बाबांना घेऊन आठवडाभर मेक्सिकोतल्या कॅनकूनला जाताय, त्यातला एक दिवस काढून चिचेन इत्सा, म्हणजे तिथल्या मूळच्या माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष, बघून होईल का. बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी आहेत आणि हॉटेल अजून बुक केलेलं नाही.

एका दिवसात होईल, पण तसं करू नका, असं मी अगदी मनापासून सांगेन. कॅनकूनहून निघणाऱ्या टूरच्या बसेस ऊन चढल्यावर, साधारण एकाच वेळी तिथे पोचतात. मध्ये एक दुकान, एक बुफे, एक पोहण्याचा थांबा. प्रत्यक्ष अवशेषांच्या वाट्याला दीड-दोन तास येतात, तेही भर गर्दीत. त्यापेक्षा सात रात्रींपैकी पहिल्या पाच युकातान द्वीपकल्पाच्या आतल्या भागात काढा, दोन वायादोलिदला आणि तीन मेरिदाला. शेवटच्या दोन रात्री समुद्र. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन असंच केलं होतं आणि दोघं अजून त्या सहलीबद्दल बोलतात, समुद्राबद्दल नाही.

वायादोलिद ते चिचेन इत्सा जेमतेम 45 किलोमीटर. फाटक सकाळी 8 ला उघडतं, त्या वेळी तिथे हजर राहा. एक लक्षात ठेवा, कॅनकून ज्या राज्यात आहे त्या किंताना रोच्या घड्याळापेक्षा युकातान राज्याचं घड्याळ एक तास मागे आहे. तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक राज्याचं आणि एक केंद्राचं. कुकुल्कान या सर्पदेवाच्या पिरॅमिडवर आता कुणालाच चढू देत नाहीत, तेव्हा गुडघ्यांमुळे बाबांचं काही हुकणार नाही. चार बाजूंना 91-91 पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून 365, हा हिशोब खाली उभं राहूनच नीट कळतो. पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो, तो आई-बाबांना जरूर ऐकवा. पायऱ्यांवरून उतरणारी सर्पाची सावली मात्र मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपासच दिसते, डिसेंबरात नाही.

तिथून मेरिदाला जाताना वाट वाकडी करून इसामालला थांबा. सगळं गाव पिवळ्या रंगानं रंगवलेलं आहे आणि मधोमध फ्रान्सिस्कन पंथाचा प्रचंड मठ. हा मठ स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात माया देवळाच्या चौथऱ्यावरच बांधला, आणि देवळाचेच दगड काढून बांधला. भिंतींपाशी जाऊन बारकाईनं बघितलं की मध्येच एखाद्या दगडावर जुनं माया कोरीवकाम दिसतं. मठाच्या जवळच किनिच काकमो हा मोठा पिरॅमिड उभा आहे, तोही गावातल्या घरांना खेटून. तुम्ही तिकडे अवशेष आणि स्पॅनिश गावं अशा दोन वेगळ्या याद्या करून जाऊ नका, ही माझी खरी सूचना आहे. दगड तेच आहेत. एक मोडून दुसरं उभं केलं आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी बघितलं की ते मनाला भिडतं.

या मठाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे त्या दिएगो दे लांदा या धर्मगुरूनं 1562 साली मानी गावात मायांच्या हस्तलिखित पोथ्या जाळल्या. आज जगात त्यांच्या फक्त चार पोथ्या उरल्या आहेत. याच लांदानं पुढे युकातानविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात माया अक्षरांची एक नोंद होती, आणि तिचा आधार घेऊन रशियन अभ्यासक युरी क्नोरोझोव यांनी 1952 साली ती लिपी वाचण्याची वाट खुली केली. मला ही हकिगत कितीही वेळा वाचली तरी अस्वस्थ करते.

मेरिदा 1542 साली तिहो या माया शहराच्या जागेवर वसवलं. तिथलं कॅथेड्रलही देवळांच्या दगडांचंच. चौकातच युकातान जिंकणाऱ्या मोंतेखो घराण्याचा वाडा आहे, त्याच्या दर्शनी भिंतीवर शस्त्रं घेतलेले स्पॅनिश शिपाई माणसांच्या मुंडक्यांवर पाय रोवून उभे असलेले कोरले आहेत. चौकाच्या दुसऱ्या बाजूच्या राज्यपालांच्या वाड्यात फर्नांदो कास्त्रो पाचेको यांची भव्य चित्रं आहेत, त्यात हाच इतिहास जिंकले गेलेल्यांच्या बाजूनं मांडला आहे. आधी मोंतेखोंचा वाडा बघा, मग चित्रं. रविवार मेरिदासाठीच राखून ठेवा: चौकाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, बाजार भरतो, नाच-गाणी असतात. शिवाय रविवारी मेक्सिकन नागरिकांना अवशेषांची केंद्राची फी माफ असल्यानं तिकडे गर्दी उसळते.

आता उश्माल, हेही माया लोकांचं प्राचीन शहर. तुम्हाला एकच जागा बघायची असती तर मी चिचेन इत्साऐवजी हीच सांगितली असती. मेरिदाहून सुमारे 80 किलोमीटर, आत विक्रेत्यांची रांग नाही. समोरच लंबगोल पायाचा, कडा गोलसर असलेला जादूगाराचा पिरॅमिड. एका बुटक्यानं तो एका रात्रीत बांधला अशी दंतकथा आहे. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत बांधलेल्या देवळांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आई-बाबांना ती लगेच आपलीशी वाटेल. राज्यपालाचा प्रासाद म्हणतात त्या लांबलचक इमारतीच्या जवळ जा आणि चाक या पर्जन्यदेवतेचा एकच मुखवटा निवडून बघत राहा. डोळा, भुवई, कान, सोंडेसारखं वळलेलं नाक, प्रत्येक भाग वेगळा घडवून मग भिंतीत बसवलेला. असे मुखवटे ओळीनं, कोपऱ्यांवर तर एकावर एक. लोखंडी हत्यार नव्हतं, ओझं वाहायला जनावर नव्हतं.

इतकी पर्जन्यदेवता का, याचं उत्तर जमिनीत आहे. युकातानचा उत्तर भाग सगळा चुनखडीचा, पाऊस खाली झिरपतो, वर नदी राहत नाही. चिचेन इत्साला निदान सेनोते होते, म्हणजे छत कोसळून उघडी पडलेली भूगर्भातली पाण्याची कुंडं. उश्मालच्या टेकाडांत तीही नाहीत. तिथले लोक जमिनीखाली गिलावा केलेली टाकी खोदून पावसाचं पाणी साठवत आणि वर्षभर त्यावर जगत. ही टाक्यांची तोंडं अवशेषांमध्ये फिरताना दिसतात, पण पाटीकडे लक्ष नसेल तर माणूस तसाच पुढे जातो. दहाव्या शतकाच्या सुमारास या भागातली शहरं ओस पडत गेली, त्यामागे लांबलेले दुष्काळ हे एक मोठं कारण बरेच अभ्यासक मानतात.

आणि कुणी "माया लोक नाहीसे झाले" असं सांगू लागलं तर ऐकू नका. लाखो लोक आजही माया बोलतात. वायादोलिदच्या बाजारात तुमच्या कानावर पडेलच.

सेनोतेसाठी वायादोलिद गावातलाच साकी सोयीचा आहे, पण पायऱ्या ओल्या असतात, बाबांना वरूनच बघू द्या. पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करावी लागते आणि सनस्क्रीन लावून उतरू देत नाहीत.

आईंच्या जेवणाचं: घेवड्याच्या उसळीत बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी असते, म्हणून "सिन मान्तेका" (चरबी न घालता) हे शब्द पाठ करून जा. भोपळ्याच्या बियांची सिकिल पाक नावाची चटणी आणि गरम तोर्तिया (मक्याची पातळ पोळी) हे बिनधास्त खाता येईल. अंडं चालत असेल तर पापादसुलेस (उकडलेलं अंडं भरलेल्या तोर्तिया) मागवा. संध्याकाळी चौकात गाडीवर मार्केसिता मिळते, कुरकुरीत सुरळीत किसलेलं चीज भरलेली. हाबानेरो या तिथल्या जहाल मिरचीची चटणी आधी चमच्याच्या टोकावर घेऊन बघा, ती आपल्या लवंगी मिरचीला ऐकणार नाही.

फिरायला भाड्याची गाडी उत्तम. वेबसाइटवर जो स्वस्त दर दिसतो त्यात बहुधा सक्तीचा थर्ड पार्टी विमा धरलेला नसतो, तो धरून बजेट करा. गावांतून जाताना स्पीडब्रेकर अचानक आणि उंच येतात, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. गाडी नको असेल तर कॅनकून, वायादोलिद, मेरिदा या मार्गावर एडीओ या कंपनीच्या चांगल्या बसेस आहेत. आई-बाबांकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असला तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. डिसेंबरातली हवा छान असते, पण नाताळच्या आठवड्यात खोल्या पटापट भरतात, तेव्हा मेरिदाचं बुकिंग आधी करा.