प्रेशर वॉशिंगच्या कामाचा दर कसा ठरवावा?

प्रश्न : मी कोपरखैरणे येथे राहतो. रो-हाउसचे अंगण, कंपाउंडची भिंत आणि गच्ची प्रेशर वॉशरने धुऊन देण्याचा व्यवसाय मी नुकताच सुरू केला आहे. माझे यंत्र 150 बार दाबाचे असून त्याला मिनिटाला 10 लिटर पाणी लागते. इतर जण लावतात तोच चौरस फुटाचा दर मी लावतो. मात्र काही कामांत चांगले पैसे सुटतात, तर काहींत हेल्परची मजुरीही निघत नाही. अंदाज काढण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर : चौरस फुटाचा दर ग्राहकाला सांगायला सोयीचा असतो, पण तो तासाच्या खर्चातून निघायला हवा. दुसऱ्याचा दर त्याच्या यंत्राच्या आणि त्याच्या माणसांच्या हिशेबाने ठरलेला असतो, हे आपण विसरता आहात.

प्रथम एका दिवसाचा खर्च मांडावा. उदाहरणादाखल, हेल्परची मजुरी 900 रुपये, आपली स्वतःची मजुरी 1,500, टेम्पो आणि इंधन 600, यंत्राची झीज व दुरुस्ती 300, आणि फोन, पाहणीच्या फेऱ्या, रिकामे दिवस यांसाठी 500 धरले, तर बेरीज 3,800 होते. स्वतःची मजुरी न धरणे ही या धंद्यातील नेहमीची चूक आहे. तिच्यामुळे तोट्यातले कामही नफ्याचे भासते. ये-जा, पाइप पसरणे, आवराआवर वगळता दिवसात प्रत्यक्ष धुण्याचे पाचच तास मिळत असतील, तर एका तासाचा खर्च 760 रुपये पडतो आणि त्यावर 20 टक्के नफा धरल्यास तासाचा दर 912 रुपये होतो.

आता वेग मोजावा. फरशीसाठी गोल सरफेस क्लीनर जोडून पेव्हर ब्लॉकचे अंगण आपण तासाला 250 चौरस फूट धूत असाल, तर चौरस फुटाचा दर सुमारे 3 रुपये 65 पैसे येतो. पण पावसाळ्यानंतर शेवाळाने काळी पडलेली भिंत तासाला 120 चौरस फूटच होत असेल, तर तोच दर 7 रुपये 60 पैशांवर जातो. आपल्या काही कामांत मजुरी का निघत नाही, याचे उत्तर बहुधा या फरकात सापडेल. हे आकडे माझ्या उदाहरणातले आहेत. आपला वेग पुढच्या काही कामांत घड्याळ लावून नोंदवावा आणि पृष्ठभागानुसार वेगळा तक्ता करावा.

पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. मिनिटाला 10 लिटर म्हणजे तासाला 600 लिटर; 1,000 लिटरची टाकी भरलेली असली तरी पावणेदोन तासांच्या आत रिकामी होते, आणि नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या घरात पुढचे काम थांबते. टँकर लागला तर खर्च कोणाचा, हे कोटेशनमध्ये आधीच लिहावे. विजेचेही तसेच आहे. अशा यंत्राची मोटार 3 किलोवॅटच्या आसपास असते, तिला 16 अँपिअरचे सॉकेट हवे. गच्चीवर ते नसेल तर जाड केबल खालून ओढण्यात वेळ जातो.

केवळ व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून रक्कम सांगू नये. सुटलेला गिलावा, पोपडे आलेला रंग किंवा फटी असलेल्या खिडक्या फोटोत दिसत नाहीत, आणि तेथे दाब कमी ठेवून रुंद फवाऱ्याच्या नोझलने सावकाश काम करावे लागते. पेव्हरच्या सांध्यांतील वाळू निघून गेल्यास ती पुन्हा भरण्याचे पैसे वेगळे लावावेत. तेलाचे व गंजाचे डाग केवळ पाण्याच्या दाबाने जातील अशी हमी देऊ नये. कोटा आणि संगमरवर यांवर ॲसिड टाकू नये, कारण ॲसिडने दगडाचा पृष्ठभाग खाल्ला जातो. आणि शेवाळासाठी वापरलेल्या हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) ॲसिड मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

लहान कामासाठी किमान रक्कम ठरवावी. वरील हिशेबात अर्ध्या दिवसाचा खर्च 1,900 रुपये आहे, म्हणून नफ्यासह सुमारे 2,300 रुपयांखाली कोपरखैरण्याहून ठाण्यातील घोडबंदर रोडला जाण्यात अर्थ नाही. घासाघीस झाली तर दर उतरवण्याऐवजी कामाचा एखादा भाग, उदाहरणार्थ मागची भिंत, वगळावा.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या बंगल्याच्या अंगणासाठी तीन जणांनी दिलेल्या रकमांत दुपटीहून अधिक फरक आहे. निवड कशी करावी?

उत्तर : तिघांनीही जागा मोजली का, आणि पाणी, रसायन, सांध्यांतील वाळू व सांडपाण्यासोबतचा गाळ उचलणे यांपैकी काय समाविष्ट आहे, हे लेखी मागावे. यादी समान केल्यावर फरक बराच कमी होतो. त्यानंतरही फारच स्वस्त असलेल्याकडून एका कोपऱ्यात चाचणी घ्यावी. अरुंद फवारा जवळून मारून वेळ वाचवणाऱ्याच्या हातून फरशीवर पट्टे उमटतात आणि ते नंतर जात नाहीत.