उन्हातल्या भागांसाठी शीट कोणती?

प्रश्न : शेतीयंत्रांच्या छताचे भाग आम्ही ४ मिमी जाडीच्या पांढऱ्या एबीएस प्लास्टिकच्या शीटमधून व्हॅक्यूम फॉर्मिंगने (शीट तापवून, हवा खेचून साच्यावर बसवून) काढतो. उन्हात ते पिवळे पडतात आणि पुढे हलक्या धक्क्यानेही कोपरे तडकतात. यूव्ही मास्टरबॅचचे (ऊन सोसण्यासाठी प्लास्टिकमध्ये मिसळायच्या दाण्यांचे) प्रमाण वाढवले तर भागेल का?

उत्तर : थोडे दिवस भागेल, पण मूळ दुखणे राहील. एबीएसला धक्के सोसायला शिकवते ते त्यातले ब्युटाडीन रबर, आणि ऊन नेमके त्यालाच खाते. या रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच हल्ला करतात. वरचा पातळ थर ठिसूळ होतो, तडा त्यात सुरू होतो आणि मग खालच्या धडधाकट मालातही शिरतो.

एएसए या एबीएससारख्याच प्लास्टिकमध्ये ब्युटाडीनऐवजी ॲक्रिलेट रबर असते, म्हणून ते उन्हात कितीतरी जास्त टिकते. अख्खी शीट एएसएची घेणे महाग पडते. खाली एबीएस आणि वर एएसएचा थर अशी एकत्र काढलेली शीट तुमच्या कामाला पुरेशी आहे. एएसएऐवजी ॲक्रिलिकचा थर घेतला तर तो चकाकतो छान, ओरखडेही कमी पडतात. पण धक्के बसणाऱ्या भागाला आम्ही तो सुचवणार नाही.

मात्र शीट बदलली म्हणजे काम झाले असे नाही. शीट ताणली की वरचा थरही त्याच प्रमाणात पातळ होतो. ४ मिमीत ०.४ मिमी एएसए असेल आणि कोपऱ्यात जाडी १.२ मिमी उरली, तर तिथे एएसए उरते फक्त ०.१२ मिमी. तुमचे कोपरेच आधी तडकतात, तेव्हा हिशेब कोपऱ्याचा करा. एका शीटवर मार्करने २० मिमीच्या चौकोनांची जाळी आखून भाग काढा. चौकोन ४० बाय ४० झाला असेल, तर जाडी पाव उरली. अशा जागी साच्याची त्रिज्या वाढवा, किंवा प्लगने (ढकलायच्या ठोकळ्याने) शीट आधी आत ढकलून मग व्हॅक्यूम द्या. थेट जाड शीट मागवणे हा शेवटचा उपाय.

एएसएची बाजू ओळखून खूण करून ठेवा. नर (उंचवट्याच्या) साच्यावर ती साच्यापासून दूर, मादी (खोलगट) साच्यात साच्याकडे. शीट उलटी लागली तर भाग नवा असताना फरक कळतही नाही, कळतो तो पिवळा पडल्यावर!

शीट ८० अंश सेल्सिअसला साधारण मिलिमीटरमागे एक तास सुकवा, नाहीतर तापवताना फोड येतात. कातरण दळून पुन्हा वापरायचे तर ते खालच्या एबीएसच्या थरात. वरच्या थरात कधीच नाही.

प्रश्न : १.८ मीटर लांबीचे एबीएसचे झाकण लोखंडी चौकटीवर स्क्रूने बसवतो. दुपारी ते फुगते आणि स्क्रूजवळ तडे जातात. स्क्रू कमी पडतात का?

उत्तर : उलट, ते फार आवळले जातात. एबीएस १ मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०९ मिमी वाढते, लोखंड ०.०१२ मिमी. तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर तुमचे झाकण ८ मिमी वाढते आणि चौकट जेमतेम १ मिमी. उरलेले ७ मिमी जायचे कुठे?

मधला एकच स्क्रू पक्का ठेवा, म्हणजे प्रत्येक टोकाला ३.५ मिमी हालचाल येईल. टोकाला ५ मिमी स्क्रूसाठी १४ मिमी लांब खाच पाडा, मधल्या खाचा त्या प्रमाणात लहान. डोके सपाट, खाली रुंद वॉशर. खोलगट भोकात बसणारा काउंटरसंक स्क्रू पाचरीसारखा प्लास्टिक फाडतो. भोकाची कड घासून घ्या. नट सैल पडू नये म्हणून लावतात ते लॉकिंगचे द्रव एबीएसला लागू देऊ नका. ताणाखाली असलेल्या जागी त्यानेही तडे जातात. नायलॉनची कडी असलेला नट वापरा.

प्रश्न : एबीएसच्याच साच्यात काळी एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिलीनची शीट) चालेल का?

उत्तर : उन्हापुरते बोलायचे तर उत्तम, मात्र २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅक (बारीक काजळी) नीट मिसळलेले हवे. अडचण मापाची आहे. एबीएस ०.५ ते ०.७ टक्के आकसते, एचडीपीई २ ते ३ टक्के. म्हणजे १ मीटरचा भाग दीड-दोन सेंटिमीटर लहान निघेल आणि जुन्या चौकटीवर बसणार नाही. शिवाय तिच्यावर रंग आणि गोंद सहजी धरत नाहीत.