धंद्याच्या पदवीत इतिहास कशाला?

प्रश्न : मुलगी बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऐच्छिक विषयात डिजिटल मार्केटिंग सोडून तिने 'भारताचा आर्थिक इतिहास' घ्यायचं ठरवलंय. आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. सनावळ्या पाठ करून नोकरी मिळते का? तिला समजवा. – एक पालक

उत्तर : नमस्कार. 'आर्थिक इतिहासकार पाहिजे' अशी जाहिरात मीही कधी पाहिलेली नाही, तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. पण एका ऐच्छिक पेपरावर, मग तो मार्केटिंगचा का असेना, नोकरी देतं कोण? मार्केटिंग ती सुट्टीतल्या कोर्समध्येही शिकेल.

या विषयात शिकतात काय, ते एका उदाहरणावरून बघा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या आपल्या कापसाला चढा भाव देऊ लागल्या. मुंबईत पैसा खेळू लागला. नव्या बँका, नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरांवर तर उड्या पडल्या. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून कर्जं वाटली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस गडगडला. १ जुलैला वायद्याचे सौदे, म्हणजे आधी भाव ठरवून पुढच्या तारखेला पैसे चुकवायचे सौदे, पुरे करायची वेळ आली, तेव्हा देणेकऱ्यांच्या हातात नुसते कागद होते. ज्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, ते कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदही बुडाले. १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली.

आता यात सनावळी किती आणि धंदा किती? कर्जदाराची ऐपत आणि तारणाची किंमत, दोन्ही एकाच कापसाच्या भावावर लटकलेली होती. आजही बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासणारा माणूस हेच हुडकतो. २००८ च्या आर्थिक संकटात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख असलेले बेन बर्नान्के मूळचे १९३० च्या महामंदीतल्या बँकबुडीचे अभ्यासक. त्याच अभ्यासासाठी २०२२ चं नोबेल त्यांना मिळालं.

मात्र एक अट. शिकवणाऱ्या सरांकडून मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागवा. 'टिपा लिहा' आणि 'साल सांगा' एवढंच असेल, तर मी तुमच्या बाजूने. आकडे, कारणं, प्रकल्प असतील तर घेऊ द्या. सोबत संख्याशास्त्र आणि हिशेब पक्के हवेत. नाहीतर हा विषय नुसत्या गप्पांचा होतो.

प्रकल्पाचा विषय तर तुमच्या घरातच आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडे आधीपासूनच वळत होतं, संपाने त्याला वेग आला. त्या काळातल्या सुताच्या, मजुरीच्या, उधारीच्या वह्या तुमच्या माळ्यावर असतील, तर यंदा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. लेकीला त्या उघडू द्या, आणि वाचताना तुम्हीही शेजारी बसा. त्यातली निम्मी अक्षरं तुम्हालाच लागतील.