‘डॉक्टर हू’ 1963 पासूनची ब्रिटिश विज्ञानकथा टीव्ही मालिका. तिच्यातला विनोद पोरकट का वाटत नाही?

कारण तिथं विनोद भीतीच्या पाठीला पाठ लावून येतो. डालेकच बघा, म्हणजे धातूच्या कवचात बसून जमिनीवरून सरकणारे मालिकेतले खलनायक. विश्व जिंकायला निघालेले, पण जिना आला की अडलेच, असा लोकांचा समज. 1979 च्या एका कथेत मालिकेचा नायक डॉक्टर (तेव्हा नट टॉम बेकर) वर चढतो आणि खालच्या डालेकला डिवचतो, एवढे श्रेष्ठ आहात तर या की मागनं! 1988 मध्ये मात्र डालेक सरळ तरंगत जिना चढला. टिळकवाडीत आमच्या घरी तो भाग लावला होता, तर आजी म्हणाली, “अगंबाई, हे माडीवर बी येतंय की!”

जुने काही भाग रटाळ आहेत, खोटं कशाला बोला. आधी तिच्यातली ‘सिटी ऑफ डेथ’ ही कथा बघा. तिच्या लेखनात विनोदी विज्ञानकथा लिहिणाऱ्या डग्लस ॲडम्सचा हात होता.