किराणा दुकानांच्या बिलिंग डेटावरून उद्योग-अहवाल कसा तयार करावा?

तुमची कंपनी किराणा दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देते आणि त्यातल्या डेटावरून अहवाल काढायचाय; तीन वर्षांची बिलं हाताशी आहेत आणि सॉफ्टवेअर वापरणारी दुकानं दर महिन्याला वाढतायत, असं तुम्ही लिहिलंय. खरी अडचण तिथेच आहे. एकूण विक्रीचा आलेख वर जाणारच, पण ती वाढ बाजाराची की तुमच्या ग्राहकसंख्येची, हे त्यातून कळणार नाही. म्हणून तिन्ही वर्षं सलग बिलं करणारी दुकानं वेगळी काढा, त्यांची पहिल्या वर्षाची सरासरी मासिक विक्री 100 धरा, पुढचे महिने त्या प्रमाणात मांडा आणि तुलना त्यांचीच करा. मधे बंद पडलेली दुकानं यातून गळतात. तसं पद्धतीच्या पानावर स्पष्ट लिहा.

मग साफसफाई. रद्द बिलं, परत आलेला माल, शिकताना केलेली खोटी बिलं काढून टाका. एकच बिस्किटपुडा दहा दुकानांत दहा नावांनी नोंदलेला असतो, तो बारकोडवरून जुळवा. सुट्या डाळ-तांदळाला बारकोड नसतो. ती नावं हातानेच जुळवावी लागतात. वेळ इथेच जातो, आणि तो द्यायलाच हवा.

लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडलात तर फसाल. दिवाळीआधीचे 30 दिवस ताडा. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून अंघोळीचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला. करासह 118 रुपयांचं बिल 105 वर आलं, माल तेवढाच. त्यामुळे करपूर्व रक्कम घ्या. काही कंपन्यांनी छोट्या पुड्यांची किंमत तीच ठेवून वजन वाढवलं, म्हणून नगांबरोबर वजनही मोजा.

अहवालाला प्रश्न एकच हवा, तुमच्याच डेटातून सुटणारा. बॅकब्लेझ ही लोकांचा डेटा ऑनलाइन साठवणारी अमेरिकी कंपनी आपल्या हार्ड डिस्क किती बिघडतात एवढंच सांगते, पण 2013 पासूनचा कच्चा डेटा आणि सूत्र दोन्ही खुलं ठेवते. म्हणून तिच्या आकड्यांवर विश्वास बसतो. तुमचा कच्चा डेटा दुकानदारांचा आहे, तो देता येणार नाही. सूत्र, दुकानांची संख्या आणि जिल्हे मात्र द्या.

करारात असा वापर बसतो का, ते आधी वकिलाकडून तपासून घ्या. गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर विश्लेषणात आणूच नका. ज्या तालुक्यात पाचांहून कमी दुकानं आहेत किंवा एकाच दुकानाचा वाटा चौथाईहून जास्त आहे, तिथला आकडा छापू नका. गावातला माणूस दुकान लगेच ओळखतो. आणि दुकानं मुख्यतः पुणे-नाशिकची असतील, तर मुखपृष्ठावर ‘भारत’ नको, पुणे-नाशिकच लिहा.