ट्रेलर घेताय? आधी हे वाचा

मालक-चालकांच्या बहुतेक प्रश्नांत एकच घोळ असतो: घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) किती ओढू शकतो, त्यालाच पासिंग (आरटीओने मंजूर केलेलं मालासकट एकूण वजन) समजायचं.

प्रश्न : घोडा 4x2 (दोन एक्सलचा) आहे. बॉडीवाला म्हणतो, तीन एक्सलचा फ्लॅटबेड (बाजू नसलेला सपाट ट्रेलर) लावला की 55 टन पासिंग. खरं का? (पनवेल)

नाही. पुढचा एक्सल 7, मागचा 11.5, ट्रेलरचे तीन मिळून 27. झाले 45.5 टन. अशा ट्रेलरवर 55 हवं तर 6x4 (तीन एक्सलचा) घोडा लागतो. तुमच्या 45.5 मध्ये मोकळ्या गाडीचं वजनही आलं. घोडा-ट्रेलर 15 टन भरले तर माल साडेतीस टनच. ‘जाड पत्रा मारून मजबूत करतो’ म्हणणारा तुमच्या भाड्यातूनच टन कापतो. वर भरलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम 194 : 20,000 रुपये, शिवाय जादा टनामागे 2,000. बयाणा देण्याआधी आरसी घेऊन आरटीओत विचारा.

प्रश्न : स्टील टाकून परतीला न्हावा-शेव्याचा कंटेनर उचलता येईल? (कळंबोली)

येईल. 40 फुटी ट्रेलर घ्या, खाली दबणारे आठ ट्विस्टलॉक (कंटेनरचे कोपरे पकडणारे लॉक) बसवून.

प्रश्न : सेकंडहँड ट्रेलर, रंग एकदम नवा. दलाल म्हणतो दोन दिवसांत ठरवा. (जालना)

दलालाला नमस्कार करा. नवा रंग माझ्या लेखी अवगुणच. भेग झाकायला याहून स्वस्त काही नाही. ट्रेलर सोडवा, चाकांना अडण लावा, खाली शिरा. नेक (घोड्यावर टेकणारा ट्रेलरचा पुढचा उंच भाग) जिथे खाली वळतो तो कोपरा आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरचे वेल्ड, तिथला रंग वायर ब्रशने काढायला लावा. नाही म्हणाले तर घरी जा. ट्रेलरच्या लांब बीमच्या खालच्या फ्लँजवर (सपाट पट्टीवर) आडवा वेल्ड दिसला की सौदा संपला: माल भरल्यावर सगळा ताण तिथेच येतो आणि वेल्डच्या कडेने पुन्हा भेग पडते. मग पुढून मागे दोरी ताणा. बीम बहुधा मधे किंचित वर उचललेला बनवतात. मोकळ्या ट्रेलरचंच पोट सुटलेलं असेल तर तो थकलाय. किंगपिनच्या (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या पिनच्या) गळ्याला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. दोन इंची पिन नवी असताना 50.8 मिमी, 49 ला बाद. साडेतीन इंची 89, 86 ला बाद. वेल्ड भरून ‘नवी’ केलेली पिन नकोच. किंगपिनपासून पहिल्या एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप धरा. 3 मिमीहून जास्त फरक असला तर टायर खाऊन टाकील. एवढं झालं की वर्कशॉपच्या माणसाला दाखवा, पण तो तुम्ही शोधलेला असावा.

प्रश्न : एअर सस्पेंशन की पाटे?

पाटे. मिस्त्री कुठेही मिळतो.

प्रश्न : 25 टनांची कॉइल (स्टीलच्या पत्र्याची गुंडाळी) साध्या फ्लॅटबेडवर, ठोकळे लावून? (तळोजा)

नको. सगळा भार मधल्या दीड-दोन मीटरवर येतो. कॉइलची खाच असलेलाच ट्रेलर घ्या आणि किती मीटरवर किती टन चालतील, हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. ‘सगळे असंच नेतात’ हे उत्तर नव्हे.

प्रश्न : ट्रेलर नावावर व्हायला वेळ आहे. तोवर लाइनवर घालू?

नाही. ट्रेलरची आरसी वेगळी असते. चेसिस नंबर स्वतः ताडा, मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35. विम्याच्या पॉलिसीत ट्रेलर लिहिलाय का, ते कंपनीला विचारा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.