बॅकडोअरची फाइल पुसली तरी ती परत का येते?

आपण विचारले आहे की, अँटिव्हायरसने ‘बॅकडोअर’ सापडल्याची सूचना दिली, आपण ती फाइल पुसली, पण संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तीच सूचना परत आली. तर हे प्रकरण नेमके काय आहे, ते आत कसे शिरले आणि फॉरमॅट न करता ते निघेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. डाउनलोड झालेली फाइल उघडण्यापूर्वीच पकडली गेली असती, तर ती पुसणे पुरेसे होते. पुसलेली फाइल परत येते याचा अर्थ तिला परत आणणारे दुसरे काहीतरी संगणकात चालू आहे, आणि अशा वेळी विंडोज नव्याने टाकावे, असेच माझे मत आहे.

बॅकडोअर म्हणजे पासवर्ड आणि परवानगी या नेहमीच्या वाटा टाळून संगणकात ये-जा करण्यासाठी ठेवलेले चोरदार. रॅन्समवेअर फायली कुलूपबंद करून लगेच खंडणी मागते, त्यामुळे ते लपत नाही. बॅकडोअरचा सगळा उपयोग मात्र त्याचा पत्ता न लागण्यातच असतो. १९९८ साली ‘कल्ट ऑफ द डेड काउ’ या हॅकर गटाने ‘बॅक ऑरिफिस’ नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला होता. तो सहसा ३१३३७ क्रमांकाचे पोर्ट (नेटवर्कवरून संगणकात ये-जा करण्याचे क्रमांक दिलेले दार) उघडून बाहेरून येणाऱ्या आज्ञेची वाट पाहत बसे. आता राउटर आणि फायरवॉल (नेटवर्कवरील ये-जा तपासणारा पहारेकरी) बाहेरून येणारी जोडणी सहसा अडवतात, म्हणून आजची बहुतेक बॅकडोअर उलट दिशेने काम करतात: ती आपल्याच संगणकावरून, बहुधा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे सुरक्षित वेबसाइटी ज्या वाटेने उघडतात त्याच वाटेने, दूरच्या सर्व्हरला गाठतात आणि काही काम आहे का, हे ठरावीक वेळाने विचारत राहतात. फायरवॉलला हा व्यवहार आपणच ब्राउझरमधून केल्यासारखा दिसतो. तिकडून आज्ञा आली की टंकलेली प्रत्येक कळ नोंदवणे, स्क्रीनचे चित्र पाठवणे, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणे किंवा आणखी एखादे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) उतरवून घेणे, यांपैकी काहीही घडू शकते.

ते आत येण्याची सर्वांत नेहमीची वाट म्हणजे आपण स्वतः चालवलेली फाइल. विंडोज मुळात ओळखीच्या फायलींचे एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी असलेला आणि फाइलचा प्रकार सांगणारा भाग, लपवते, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही खरे तर प्रोग्राम असलेली फाइल आपल्याला ‘बिल.पीडीएफ’ एवढीच दिसते आणि तिला पीडीएफचे चिन्ह लावलेले असले की संशय येण्याचे कारणच उरत नाही. सशुल्क सॉफ्टवेअर फुकट चालवण्यासाठीचे ‘क्रॅक’ ही दुसरी वाट; त्यासोबतच्या सूचनांमध्ये ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे लिहिलेले असते, आणि ते वाक्य दिसताच तिथेच थांबावे, असे मी सर्वांना कळकळीने सांगतो. कधी वापरणाऱ्याची काहीच चूक नसते. २०१७ साली ‘सीसीक्लीनर’ या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच बॅकडोअर मिसळले गेले होते. २०२४ च्या मार्चमध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरील ‘एक्सझेड युटिल्स’ या फायलींचा आकार लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये ते सापडले, तेही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले आणि त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला म्हणून.

आता फाइल परत का येते ते पाहू. एका परिचितांच्या संगणकावर मी अगदी आपल्यासारखीच तक्रार पाहिली होती. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मिळणारे ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन मी चालवले. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या सगळ्या गोष्टी ते एका जागी दाखवते. त्यात टास्क शेड्युलर या, ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीमध्ये एखाद्या अपडेटचे वाटावे असे नाव असलेले एक काम होते. ते दर पंधरा मिनिटांनी ‘ॲपडेटा’ फोल्डरमधली एक स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालवत होते आणि ती स्क्रिप्ट पुसलेली फाइल इंटरनेटवरून पुन्हा आणून ठेवत होती. डिफेंडर या विंडोजसोबतच येणाऱ्या अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये गेलो, तर तपासणीतून वगळायच्या जागांच्या यादीत तेच फोल्डर घातलेले आढळले. म्हणजे अँटिव्हायरसला सूचना द्यायला लावणारी फाइल हा केवळ दिसणारा भाग होता. तिला जन्म देणाऱ्या जागेकडे पाहण्याची त्याला मनाईच करून ठेवली होती. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील, ‘रन’ की, विंडोजच्या सेवा आणि स्टार्टअप फोल्डर याही अशाच लपण्याच्या जागा आहेत. ते काम, ती स्क्रिप्ट आणि ती वगळणूक मी काढू शकलो असतो, परंतु ज्याला प्रशासकाचे अधिकार मिळाले होते त्याने आणखी कुठे काय ठेवले असेल, हे त्याच संगणकाला विचारून खात्रीने कळत नाही. म्हणून आम्ही विंडोज नव्याने टाकले.

आपणही आधी वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा, आणि त्या संगणकावर एकही पासवर्ड टंकू नका. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पहिल्यांदा ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग बँक आणि इतर खाती घ्या. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ हा पर्याय अवश्य वापरा. चोरलेल्या कुकीच्या (आपण लॉगिन केलेले आहे हे वेबसाइटला सांगणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदीच्या) आधारे पासवर्ड आणि ओटीपी दोन्हींशिवाय खात्यात राहता येते, आणि लोक नेमके हेच विसरतात.

बॅकडोअर कोणते आहे हे समजून घ्यायचे असेल, तर डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी चालवा. ती विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी होते, त्यामुळे चालू विंडोजच्या आड लपलेले मालवेअर तिला सापडण्याची शक्यता अधिक असते. तिला साधारण १५ मिनिटे लागतात. मात्र तिने ‘काही आढळले नाही’ असे सांगितले, तरी तेवढ्यावर विसंबू नका.

विंडोज टाकण्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या स्वच्छ संगणकावर, मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून तयार करून घ्या. ‘फायली ठेवून रीसेट’ हा पर्याय इथे नको आणि जुना रिस्टोअर पॉइंटही (विंडोजची आधीच्या दिवशीची साठवलेली स्थिती) नको, कारण तो घेतला त्या दिवशी बॅकडोअर आत नव्हते याची खात्री कोण देणार? सेटअपमध्ये त्या डिस्कवरील सर्व पार्टिशन (डिस्कचे भाग) पुसा आणि मोकळ्या जागेवर नवे विंडोज टाका. त्याआधी फक्त फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्या. इन्स्टॉलर, स्क्रिप्ट, क्रॅक आणि ब्राउझरचे प्रोफाइल मागेच सोडा. डिस्क पुसल्यावरही टिकणारे मालवेअर अस्तित्वात आहे, उदाहरणार्थ मदरबोर्डच्या यूईएफआयमध्ये (विंडोजच्या आधी चालून संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) बसणारे ‘लोजॅक्स’ २०१८ साली उघडकीस आले; पण असा प्रकार फार विरळ आहे. मनात शंका राहत असेल, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डमधला हाच प्रोग्राम, अद्ययावत करून सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू ठेवा.

नवे विंडोज सुरू झाले की सर्व अपडेट घ्या, रोजच्या कामासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते बनवा, मगच जुन्या फायली तपासून परत आणा. शेवटी ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रे दुसऱ्या पत्त्यावर परस्पर पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का, तेही पाहा. तो नियम संगणकात नसून मेलच्या सर्व्हरवर असतो, त्यामुळे फॉरमॅट केल्याने किंवा पासवर्ड बदलल्याने तो जात नाही. तो हातानेच काढावा लागतो.